रेषीय फल आणि एकमान दर

रेषीय फल म्हणजे असे फल की ज्यात एका राशीत होणाऱ्या समान बदलामुळे दुसऱ्या राशीत नेहमी समानच बदल होतो. त्याचे सर्वसाधारण रूप य = म × क्ष + क असे लिहितात. येथे क्ष हे स्वतंत्र चल, य हे क्ष वर अवलंबून असणारे चल, तर म आणि क हे स्थिरांक आहेत. या फलाचा आलेख सरळ रेषा असतो. त्यावरूनच त्याला रेषीय हे नाव मिळाले. एकमान दर (किंवा एकक दर) म्हणजे एका राशीच्या एका एककामागे येणारे दुसऱ्या राशीचे परिमाण. उदाहरणार्थ, एका वहीची किंमत, एका तासात कापलेले अंतर किंवा एका लिटरमागे गाडीने तोडलेले किलोमीटर.

या दोन कल्पना एकमेकींशी थेट जोडलेल्या आहेत. रेषीय फलातील म हा स्थिरांक म्हणजेच क्ष एका एककाने वाढल्यास य मध्ये होणारा बदल, म्हणजे एकमान दर होय. आलेखात हाच दर रेषेचा चढ म्हणून दिसतो. शालेय गणितात एकमान पद्धत, समचलन आणि रेषेचा चढ हे विषय वेगवेगळ्या इयत्तांत येतात; गणिती दृष्टीने ती एकाच कल्पनेची तीन रूपे आहेत.

## संज्ञा

मराठीत या विषयातील काही संज्ञांना पर्याय रूढ आहेत. ‘फल’ यासाठी ‘फलन’ असेही म्हणतात, आणि ‘चढ’ यासाठी काही पुस्तकांत ‘उतार’ हा शब्द आढळतो. क या स्थिरांकाला य-अक्षावरील अंतःखंड म्हणतात, कारण रेषा य-अक्षाला (०, क) या बिंदूत छेदते.

‘रेषीय’ हा शब्द गणितात दोन अर्थांनी वापरला जातो. शालेय गणितात ज्याचा आलेख सरळ रेषा आहे ते प्रत्येक फल रेषीय मानतात. उच्च गणितात मात्र फ(अ + ब) = फ(अ) + फ(ब) आणि फ(न × अ) = न × फ(अ) हे दोन्ही गुणधर्म असलेल्या फलालाच रेषीय म्हणतात. त्या अर्थाने केवळ य = म × क्ष हे फल रेषीय ठरते; क शून्य नसल्यास हे गुणधर्म टिकत नाहीत. या लेखात शालेय अर्थ वापरला आहे.

## एकमान दर

१२ वह्यांची किंमत ३०० रुपये असेल, तर एका वहीची किंमत ३०० ÷ १२ = २५ रुपये. हा एकमान दर एकदा मिळाला की कितीही वह्यांची किंमत एका गुणाकाराने काढता येते. या रीतीला एकमान पद्धत म्हणतात. प्रथम भागाकाराने एकाची किंमत आणि नंतर गुणाकाराने अनेकांची किंमत, अशा तिच्या दोन पायऱ्या आहेत.

कोणत्याही दोन राशींच्या जोडीतून दोन एकमान दर निघतात. एखादा पंप ४ मिनिटांत १२० लिटर पाणी भरत असेल, तर तो दर मिनिटाला ३० लिटर पाणी भरतो असे म्हणता येते. तसेच एक लिटर भरण्यास त्याला १/३० मिनिट, म्हणजे २ सेकंद लागतात असेही म्हणता येते. हे दोन दर परस्परांचे गुणाकार व्यस्त आहेत. पहिला दर ‘इतक्या वेळात किती पाणी’ या प्रश्नाला, तर दुसरा ‘इतक्या पाण्याला किती वेळ’ या प्रश्नाला उपयोगी पडतो. गणितात कोणता दर हवा हे प्रश्नावरून ठरते. म्हणून दर लिहिताना त्याची एकके सोबत लिहिणे आवश्यक असते.

‘एक’ म्हणजे नेमके काय, हे व्यवहारातील सोयीवर ठरते. केळी डझनावर विकली जातात, सोन्याचा भाव १० ग्रॅमला सांगतात, बाजार समितीत शेतमालाचा भाव क्विंटलला पुकारतात आणि जमिनीचा भाव गुंठ्यावर किंवा एकरावर (४० गुंठे = १ एकर) ठरतो. एकक बदलले की दराचा आकडा बदलतो, दर मात्र तोच राहतो. क्विंटलला १,८०० रुपये आणि किलोला १८ रुपये हा एकच भाव आहे. ताशी ७२ किलोमीटर आणि सेकंदाला २० मीटर हा एकच वेग आहे.

### किमतींची तुलना

एकमान दराचा एक अतिशय सामान्य उपयोग म्हणजे तुलना. समजा, एका वस्तूचे २०० ग्रॅमचे पाकीट ५४ रुपयांना आणि ५०० ग्रॅमचे पाकीट १४० रुपयांना मिळते. पहिल्यात एका ग्रॅमला २७ पैसे, तर दुसऱ्यात २८ पैसे पडतात. मोठे पाकीट स्वस्तच असणार, ही समजूत येथे चुकीची ठरते. ग्राहकाला ही तुलना करता यावी म्हणून भारतात आवेष्टित वस्तूंविषयीच्या वैध मापनशास्त्र नियमांत २०२१ साली दुरुस्ती करण्यात आली. तिच्यानुसार कमाल किरकोळ किमतीसोबत एककामागील विक्री किंमतही वेष्टनावर छापण्याची तरतूद झाली. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंसाठी ती ग्रॅममागे, तर त्याहून अधिक वजनासाठी किलोमागे देतात.

## समचलन

दोन राशींचे गुणोत्तर सदैव स्थिर राहत असेल, तर त्या समचलनात आहेत असे म्हणतात आणि त्यांचा संबंध य = म × क्ष असा लिहितात. म ला चलनाचा स्थिरांक म्हणतात; तोच एकमान दर होय. हे रेषीय फलाचे क = ० असलेले विशेष रूप आहे. समचलनाची तीन लक्षणे सांगता येतात :

* क्ष शून्य असेल तेव्हा य शून्य असते. म्हणून आलेख आरंभबिंदूतून जातो.
* क्ष दुप्पट, तिप्पट किंवा निम्मे केल्यास य देखील तितक्याच पटीत बदलते.
* आलेखावरील (१, म) हा बिंदू एकमान दर थेट दाखवतो.

पाढे ही समचलनाची प्रत्येक मराठी शाळकरी मुलाच्या परिचयाची कोष्टके आहेत. सातचा पाढा म्हणजे य = ७ × क्ष या फलाच्या किमतींची यादी होय. पूर्वी मराठी शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत. ही अनुक्रमे १/४, १/२, ३/४, १ १/४, १ १/२ आणि २ १/२ हे चलनाचे स्थिरांक असलेली कोष्टके आहेत. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण अशा मापांच्या व्यवहारात पाव, अर्धा, पाऊण या पटींची सतत गरज पडत असल्याने या पाढ्यांना महत्त्व होते. १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणेपद्धती आली, पुढे वजने-मापेही दशमान झाली, आणि हे पाढे हळूहळू मागे पडले.

## रेषीय फल

अनेक व्यवहारांत राशीची सुरुवात शून्यापासून होत नाही. एका टाकीत आधीच २०० लिटर पाणी आहे आणि पंप दर मिनिटाला ३० लिटर पाणी भरत आहे, असे समजू. क्ष मिनिटांनी टाकीतील पाणी य = ३० × क्ष + २०० लिटर असेल. येथे ३० हा एकमान दर आहे, तर २०० ही आरंभीची किंमत.

| वेळ (मिनिटे) | पाणी (लिटर) | पाणी ÷ वेळ |
|---|---|---|
| ० | २०० | – |
| १ | २३० | २३० |
| २ | २६० | १३० |
| ५ | ३५० | ७० |
| १० | ५०० | ५० |

कोष्टकातील शेवटच्या स्तंभात गुणोत्तर प्रत्येक ओळीत बदलते. म्हणजे हे समचलन नाही. तरीही दर मिनिटाला होणारी वाढ सर्वत्र ३० लिटरच आहे. दुसऱ्या मिनिटापासून पाचव्या मिनिटापर्यंत ३ मिनिटांत ९० लिटर, आणि पाचव्यापासून दहाव्यापर्यंत ५ मिनिटांत १५० लिटर. यावरून दोन्ही संबंध ओळखण्याची कसोटी मिळते : *समचलनात किमतींचे गुणोत्तर स्थिर असते, रेषीय फलात बदलांचे गुणोत्तर स्थिर असते.* प्रत्येक समचलन रेषीय फल असते. परंतु प्रत्येक रेषीय फल समचलन नसते.

दहाव्या मिनिटाला टाकीत ५०० लिटर आहेत, म्हणून पंपाचा दर मिनिटाला ५० लिटर, असा निष्कर्ष काढणे ही या विषयातील नेहमी होणारी चूक आहे. एकूण पाण्याला एकूण वेळेने भागताना आधीच्या २०० लिटरांचे श्रेयही पंपाला दिले जाते. आरंभीची किंमत शून्य नसेल, तर दर काढण्यासाठी बदलालाच बदलाने भागावे लागते.

## चढ

रेषेवरील (क्ष१, य१) आणि (क्ष२, य२) या दोन भिन्न बिंदूंवरून चढ पुढीलप्रमाणे काढतात :

म = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

कोणतेही दोन बिंदू घेतले तरी उत्तर तेच येते. य२ − य१ = (म × क्ष२ + क) − (म × क्ष१ + क) = म × (क्ष२ − क्ष१). वजाबाकीत क नाहीसा होतो आणि म तेवढा उरतो. भूमितीच्या भाषेत, रेषेवर वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले आडव्या-उभ्या बाजूंचे काटकोन त्रिकोण परस्परांशी समरूप असतात. त्यामुळे त्यांच्या उभ्या व आडव्या बाजूंचे गुणोत्तर एकच असते.

चढ धन असल्यास क्ष वाढताना य वाढते, ऋण असल्यास घटते. ऋण चढाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विमानविद्येत वापरले जाणारे आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरण. त्यात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस धरतात आणि ११ किलोमीटर उंचीपर्यंत ते दर किलोमीटरला ६.५ अंशांनी कमी होते असे मानतात : तापमान = १५ − ६.५ × उंची. त्यानुसार ११ किलोमीटर उंचीवर तापमान −५६.५ अंश येते.

चढ शून्य असल्यास रेषा क्ष-अक्षाला समांतर असते व फलाची किंमत बदलत नाही. य-अक्षाला समांतर रेषेचा चढ काढता येत नाही, कारण सूत्रातील छेद शून्य होतो. अशी रेषा फलही दर्शवत नाही, कारण क्ष च्या एकाच किमतीला तिथे य च्या अनेक किमती येतात.

आलेखात रेषा किती उभी दिसते हे अक्षांवरील प्रमाणावरही अवलंबून असते. य-अक्षावर १ सेंटिमीटरला १० ऐवजी १०० एकके घेतल्यास तीच रेषा बरीच सपाट दिसते. म्हणून दोन वेगवेगळ्या आलेखांतील दरांची तुलना रेषांच्या दृश्य चढावरून न करता अक्षांवरील आकडे वाचून करावी लागते.

## दोन बिंदूंवरून फल काढणे

एक सरळ रेषा निश्चित होण्यास दोन बिंदू पुरेसे असतात. त्यामुळे दोन जोड्या माहीत असल्यास संपूर्ण फल काढता येते. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या तापमानश्रेणींचा संबंध हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. प्रमाण दाबाला पाणी ० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३२ अंश फॅरनहाइटला गोठते आणि १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे २१२ अंश फॅरनहाइटला उकळते. म्हणून

* चढ = (२१२ − ३२) ÷ (१०० − ०) = १.८
* अंतःखंड = ३२
* फल : फॅ = १.८ × से + ३२

या फलाचा एकमान दर सांगतो की, सेल्सिअसमधील १ अंशाची वाढ फॅरनहाइटमधील १.८ अंशांच्या वाढीइतकी असते. तापमान आणि तापमानातील बदल यांत येथे भेद करावा लागतो. १० अंश सेल्सिअस तापमान म्हणजे ५० अंश फॅरनहाइट. पण तापमानात १० अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे केवळ १८ अंश फॅरनहाइटची वाढ. बदलाचे रूपांतर करताना ३२ मिळवायचे नसतात. पृथ्वीचे सरासरी तापमान २ अंश सेल्सिअसने वाढणे म्हणजे ३.६ अंश फॅरनहाइटने वाढणे. सूत्रात २ ही संख्या तशीच घातल्यास ३५.६ असे निरर्थक उत्तर येते.

चढ शून्य नसलेल्या रेषीय फलाचे व्यस्त फलही रेषीय असते व त्याचा दर मूळ दराचा गुणाकार व्यस्त असतो : से = (फॅ − ३२) ÷ १.८. दोन्ही श्रेणी −४० अंशांना एकच आकडा दाखवतात.

## व्यवहारातील उदाहरणे

### रिक्षाचे भाडे

मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार ऑटोरिक्षाचे पहिल्या १.५ किलोमीटरपर्यंतचे किमान भाडे २६ रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये आहे. प्रतीक्षेचा व रात्रीचा जादा आकार आणि रुपयात पूर्णांकन करणे बाजूला ठेवल्यास, १.५ किलोमीटरनंतरचे भाडे २६ + १७.१४ × (क्ष − १.५) असे येते. कंस सोडवल्यावर ते १७.१४ × क्ष + ०.२९ होते.

किमान भाडे २६ रुपये असल्याने हे फल ‘२६ रुपये स्थिर आकार आणि त्यावर किलोमीटरचे पैसे’ असे वाटते. प्रत्यक्षात अंतःखंड केवळ २९ पैशांचा आहे, आणि तोही १७.१४ × १.५ = २५.७१ ही रक्कम २६ केल्यामुळे आलेला. म्हणजेच लांबच्या प्रवासाचे भाडे जवळजवळ अंतराच्या समप्रमाणात असते. ५ किलोमीटरला सुमारे ८६ रुपये, १० किलोमीटरला सुमारे १७२ रुपये. किमान भाड्याचा भार पडतो तो फक्त १.५ किलोमीटरपेक्षा कमी अंतर जाणाऱ्या प्रवाशावर : एक किलोमीटरसाठी त्याला किलोमीटरमागे २६ रुपये पडतात. या भाड्याचा आलेख आधी आडवा आणि नंतर चढता, अशा दोन तुकड्यांचा बनतो. अशा फलाला खंडशः रेषीय फल म्हणतात.

### दोन दरांतील निवड

समजा, सामान नेण्यासाठी एक टेम्पोचालक ५०० रुपये स्थिर आकार आणि किलोमीटरमागे २० रुपये घेतो, तर दुसरा स्थिर आकार न घेता किलोमीटरमागे ३० रुपये घेतो. केवळ एकमान दर पाहिल्यास पहिला स्वस्त वाटतो. दोन्ही खर्च समान होण्यासाठी २० × क्ष + ५०० = ३० × क्ष, म्हणजे क्ष = ५० असावे लागते; त्या अंतराला दोघेही १,५०० रुपये घेतात. त्याहून कमी अंतरासाठी दुसरा, तर अधिक अंतरासाठी पहिला स्वस्त पडतो. आलेखात (५०, १५००) हा दोन रेषांचा छेदनबिंदू असतो. दोन चलांतील रेषीय समीकरणांची जोडी सोडवणे याचा व्यावहारिक अर्थ अनेकदा असाच असतो.

## इतिहास

प्रमाणाचा काटेकोर सिद्धान्त ग्रीक गणितज्ञ युक्लिड याच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात आढळतो. त्याचे श्रेय परंपरेने युडॉक्सस याला दिले जाते.

भारतीय गणितात समप्रमाणाची उदाहरणे सोडवण्याची रीत त्रैराशिक या नावाने प्रसिद्ध आहे. आर्यभट (पहिला) याने इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त तिचा नियम दिला आहे. प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन ज्ञात राशींवरून चौथी राशी, म्हणजे इच्छाफल, काढायची असते : फलाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे. प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या राशी असतात. ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ.स. ६२८) व्यस्त त्रैराशिक तसेच पाच, सात, नऊ व अकरा राशींपर्यंतच्या रीती दिल्या. बख्शाली हस्तलिखितात उत्तरांचा ताळा पाहण्यासाठीही त्रैराशिक वापरलेले दिसते. भास्कराचार्य (दुसरे) यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) अंकगणिताचा फार मोठा भाग त्रैराशिकाचाच विस्तार असल्याचे प्रतिपादन केले. त्रैराशिकातील ‘फल’ आणि आधुनिक गणितातील ‘फल’ या वेगळ्या संज्ञा आहेत.

त्रैराशिक आणि एकमान पद्धत यांत क्रियांच्या क्रमाचा फरक आहे. ७ किलो गूळ ४०० रुपयांना, तर २१ किलो कितीला, या उदाहरणात एकमान पद्धतीने एका किलोची किंमत ५७.१४… अशी न संपणारी येते. त्रैराशिकात आधी गुणून शेवटी भागल्यामुळे ४०० × २१ ÷ ७ = १,२०० हे उत्तर अपूर्णांकाविना मिळते. एकमान पद्धत प्रत्येक पायरीचा अर्थ स्पष्ट करते, तर त्रैराशिक आकडेमोड सोपी करते.

बदलत्या राशी आकृतीने दाखवण्याची कल्पना चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने मांडली. एकसारख्या दराने वाढणारी राशी त्याच्या आकृत्यांत तिरप्या सरळ रेषेने दाखवली जाते. सतराव्या शतकात रने देकार्त (‘ला जिओमेत्री’, १६३७) आणि प्येर द फर्मा यांनी समीकरणे व वक्र यांची सांगड घातली. दोन चलांतील एकघाती समीकरण सरळ रेषा दर्शवते, हे फर्माने एका प्रबंधात स्पष्टपणे सांगितले. तो प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६७९ साली छापला गेला. ‘फल’ या अर्थाची लॅटिन संज्ञा लायब्निट्स याने प्रचारात आणली आणि अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर याच्या लेखनामुळे ही कल्पना गणिताच्या केंद्रस्थानी आली.

## शालेय अभ्यासक्रमात

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाच्या (बालभारती) २०१६ ते २०१८ या काळात प्रकाशित झालेल्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय टप्प्याटप्प्याने येतो. सहावीत गुणोत्तर-प्रमाण व एकमान पद्धत, सातवीत समप्रमाण व व्यस्तप्रमाण, आठवीत चलन, नववी व दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे, आणि दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ असा क्रम आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या समाईक शालेय मानकांत सहावीत एकमान दर, सातवीत चलनाचा स्थिरांक आणि आठवीत चढ व रेषीय फल अशी रचना असून, समप्रमाणाच्या आलेखातील एकमान दर हाच चढ होय असे समजून घेणे हे आठवीचे उद्दिष्ट म्हणून नोंदवले आहे.

## समजुतीतील अडचणी

### बेरजेचा विचार

जिथे पट पाहायची तिथे फरक पाहणे ही प्रमाणाच्या उदाहरणांतील सर्वाधिक अभ्यासली गेलेली चूक आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी १९७० च्या दशकात वापरलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. बुटक्याची उंची ४ बटणे किंवा ६ कागदी क्लिपा इतकी आहे. उंचाची उंची ६ बटणे आहे, तर ती किती क्लिपा? बरोबर उत्तर ९ आहे, कारण एका बटणाला दीड क्लिप पडते. अनेक विद्यार्थी ‘दोन बटणे जास्त, म्हणून दोन क्लिपा जास्त’ असा विचार करून ८ हे उत्तर देतात.

### रेषीयतेचा भास

याच्या उलट चूक म्हणजे जिथे समप्रमाण नाही तिथेही ते गृहीत धरणे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढण्यास सांगतो, तेव्हा तो मुलगा प्रथम बाजू दुप्पट करावी असे सुचवतो. त्याने क्षेत्रफळ चौपट होते. बेल्जियममधील डर्क डी बॉक, विम व्हान डूरेन, डर्क यान्सेन्स आणि लिव्हेन व्हर्शाफेल या संशोधकांनी या प्रवृत्तीचा दीर्घकाळ अभ्यास केला. मोठी माणसेही या चुकीपासून मुक्त नसतात. एक सदरा उन्हात वाळण्यास एक तास लागत असेल, तर एकाच वेळी टाकलेले पाच सदरे वाळण्यासही एकच तास लागतो. आणि ६ मजुरांचे १० दिवसांचे काम १२ मजूर २० नव्हे, तर ५ दिवसांत करतात.

### दरांची सरासरी

एखादी गाडी १२० किलोमीटर अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने परत येते. सरासरी वेग ५० नसून ४८ असतो : जाण्यास २ तास, येण्यास ३ तास, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत. दरांची थेट सरासरी तेव्हाच बरोबर येते, जेव्हा दोन्ही दरांमागील छेदाची राशी, येथे वेळ, समान असते.

### शाळेबाहेरचे गणित

ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास करून १९८५ साली तो प्रसिद्ध केला. ३५ क्रुझेरोला एक नारळ विकणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाला दहा नारळांची किंमत विचारली असता त्याने तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, पुढे ३१५, असे करत ३५० हे उत्तर दिले. शून्य जोडून दहापट करण्याची शाळेतील रीत त्याने वापरली नाही. पण अ + ब नगांची किंमत म्हणजे अ नगांची अधिक ब नगांची किंमत, हा समचलनाचा मूलभूत गुणधर्म त्याने अचूक वापरला. धंद्याच्या ओघात विचारलेल्या प्रश्नांची सुमारे ९८ टक्के उत्तरे या मुलांनी बरोबर दिली. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ७४ टक्के, तर नुसत्या गणिती क्रिया दिल्यावर सुमारे ३७ टक्के झाले. एकमान दराची समज आणि ती लिहिण्याची शालेय पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

## मर्यादा

निसर्गातील अनेक नियम रेषीय रूपात मांडले जातात. पण ते बहुधा विशिष्ट मर्यादेतच लागू पडतात. रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचा ताण लावलेल्या बलाच्या समप्रमाणात असतो. परंतु बल फार वाढवल्यास हा संबंध टिकत नाही. गेओर्ग ओम याने १८२७ साली मांडलेला विद्युतप्रवाहाचा नियम तापमान स्थिर असलेल्या धातूच्या तारेला चांगला लागू पडतो, डायोडला लागू पडत नाही. व्यवहारातही दर आणि प्रमाण यांना सीमा असतात. टाकी भरल्यावर पंप चालू राहिला तरी पाणी वाढत नाही, आणि वह्यांची संख्या पूर्णांकातच असल्याने त्यांच्या किमतीचा आलेख वास्तविक रेषा नसून रेषेवरील सुटे बिंदू असतात. म्हणून रेषीय फल वापरताना ते क्ष च्या कोणत्या किमतींसाठी खरे आहे, म्हणजे त्याचा प्रांत कोणता, हेही सांगावे लागते.

असे असले तरी वक्र आलेखाचा पुरेसा लहान तुकडा अनेकदा सरळ रेषेसारखाच दिसतो. एखाद्या बिंदूपाशी वक्राला काढलेल्या स्पर्शिकेचा चढ म्हणजे त्या क्षणीचा दर, ही कल्पना विकलनाचा पाया आहे. या अर्थाने शाळेत शिकलेला एकमान दर पुढील कलनशास्त्राची पहिली पायरी ठरतो.

## हे सुद्धा पहा

* त्रैराशिक
* गुणोत्तर व प्रमाण
* व्यस्त चलन
* निर्देशक भूमिती
* लीलावती
* विकलन